मिनिटभराचा सत्कार

विलास रानवडेंनी टेम्पोतून नारळांचं पोतं उतरवलं, तेव्हा कौस्तुभ रिंगच्या दोऱ्या ओढून बघत होता. नांद्यातल्या रानवडे लॉन्सवर त्या दिवशी लग्नाचा मांडव नव्हता की साखरपुड्याची कमान नव्हती. हिरवळीच्या मधोमध चौकोनी रिंग उभी राहिली होती आणि संध्याकाळी तिच्यात विलासची मुलगी सृष्टी पहिलीवहिली व्यावसायिक बॉक्सिंगची लढत लढणार होती.

"काका, हे नारळ कशाला?" कौस्तुभने विचारलं.

"सत्काराला."

"कुणाच्या?"

"आता कुनाच्या म्हनजे काय! सरपंच तुळजाबाईंनी पान्याचा टँकर पाठवलाय. शेजारच्या चांद्याच्या भैरूशेटनी जनरेटर दिलाय. फुकाट दिलाय व्हय त्यांनी?"

कौस्तुभ लातूरकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी, विलासच्याच चाळीतली वरची खोली भाड्याने, आणि शनिवार-रविवारी लोकांच्या रीतसर मारामाऱ्या भरवण्याचा छंद. त्याने हातातली दोरी सोडली आणि लहान मुलाला समजावतात त्या सुरात तो म्हणाला, "काका, हा प्रोफेशनल इव्हेंट आहे. यात स्टेज नाही, पाहुणे नाहीत. सहा राऊंड, प्रत्येक राऊंड दोन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट ब्रेक. संपला विषय."

"ब्रेकमदी काय असतंय?"

"काही नसतं. खेळाडू आपापल्या कोपऱ्यात बसतात, पाणी पितात."

"काहीच नसतंय?"

"काहीच नसतं काका."

"मंग झालं की!" विलास म्हणाला आणि त्याने पोतं रिंगच्या अगदी जवळ, हाताला येईल असं ठेवलं.

विलास तसा भला माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण नांद्याच्या जत्रेत आखाड्याचा माइक गेली कैक वर्षं त्याच्याच हातात, आणि त्या माइकने त्याला कामातून घालवलं होतं. जत्रेच्या आखाड्यात कुस्त्यांमध्ये पाहुण्यांचे सत्कार होतात. पैलवान लंगोट लावून, अंगाला माती चोळून उभे राहतात; तोवर पाहुण्याला फेटा, शाल, नारळ, मग दुसरा पाहुणा, मग दुसऱ्याला दिला म्हणून रुसलेला तिसरा. पैलवान काही बोलत नाहीत, पब्लिक शेंगा खात बसतं. त्यामुळे रिकामी जागा दिसली की तिथे सत्कार ठेवायचा, एवढं विलासच्या हाडीमाशी मुरलं होतं.

मात्र या खेपेला त्याच्या मनात निव्वळ हौस नव्हती. त्याला खरा सत्कार करायचा होता तो एकट्या आपल्या बापाचा.

बाप म्हणजे गेणबा वस्ताद. ऐंशीला टेकलेले, पण पाठ अजून ताठ. लॉन्सच्या मागेच त्यांची तालीम होती, आणि तिची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. गावातली पोरं आरसे लावलेल्या जिममध्ये जायला लागली तशी तालीम ओस पडली होती. सृष्टीला ती हवी होती. सृष्टी मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळायची. म्हणजे कुस्ती, लाथा, बुक्क्या सगळं एकत्र, तेही पिंजऱ्यात. महाळुंग्याच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मुलींना शिकवत होती, तिथून कमिटीने तिला हाकललं. पाहुण्यांच्या गाड्यांना तिच्या गाद्या आड येत होत्या. तिने आजोबांकडे तालीम मागितली तर आजोबा म्हणाले, "तालमीत बाई कदी गेली न्हाई."

दुसरीकडे तुळजाबाईंचा मुलगा कैलास तालमीच्या जागेत फरशांचं दुकान टाकायला टपून बसला होता. चांगलं भाडं देत होता आणि रविवारी सकाळी उत्तर घ्यायला येणार होता. शनिवारी लढत. गेणबांनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "लढत बगतो पोरीची. मंग सांगतो किल्ली कुनाच्या हातात द्यायची."

जिंकली तरच की कसंही, हे विचारायची विलासची हिंमत झाली नव्हती. त्याने आपल्या परीने तोड काढली. म्हाताऱ्याचा सगळ्या गावासमोर जंगी सत्कार करायचा, जरीचा फेटा बांधायचा, की म्हातारा विरघळेल. पण एकट्या बापाला नारळ दिला तर टँकरवाली सरपंच रुसणार. सरपंचाला दिला तर जनरेटरवाला रुसणार. म्हणून पहिल्या ब्रेकला तुळजाबाई, दुसऱ्याला भैरूशेट आणि तिसऱ्याला वस्ताद, असा पक्का क्रम त्याने डोक्यात लावून ठेवला होता.

"आवो, पोरीची लढाई हाय का तुमची?" बायको शारदाने निघताना विचारलंच.

"माजीच हाय," विलास म्हणाला. "तुला न्हाई कळायचं."

संध्याकाळी लॉन्स भरून गेलं. पुढे गाववाले, मागे आयटीतले भाडेकरू, आणि कडेला माऊली आपली हलगी शेकोटीवर तापवत बसलेला. माऊलीला विलासनेच बोलावलं होतं. पहिल्या रांगेत, मधोमध, काठीवर दोन्ही हात ठेवून गेणबा बसले होते.

सृष्टीसमोर कराडची रजनी होती. अंगाने बारीक, पण खरी बॉक्सर. हात कधी गालापासून हलत नव्हते, आणि हलले तर दिसत नव्हते. घंटा वाजली आणि सृष्टीच्या नाकावर एक, कपाळावर एक अशा दोन बुक्क्या बसल्या. सृष्टी रुंद पायांवर उभी होती, हात जरा खाली, पिंजऱ्यातल्या सवयीने. तिसरी बुक्की चुकवताना तिच्यातली पैलवान नात जागी झाली. ती खाली वाकली आणि तिने सरळ रजनीच्या मांडीला मिठी घातली.

"पट! पट काढ!" गेणबा खुर्चीतून अर्धे उठले. "वडून घी! बास, गेली!"

रेफरीने दोघींना सोडवलं. त्याने सृष्टीला बोट दाखवून बजावलं की पुन्हा पाय धरशील तर याद राख. सृष्टीने मान हलवली. गेणबा खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्यात पाय धरायचा न्हाई तर पाय आनल्यात कशाला?"

विलासच्या मनाला मात्र उभारी आली. म्हातारा उठला म्हणजे म्हाताऱ्याला खेळ आवडला, असं त्याने धरलं.

पहिला राऊंड संपल्याची घंटा वाजली आणि विलासने माइक उचलला. "बंधू-भगिनींनो, ह्या ठिकानी आपल्या गावच्या कर्तबगार सरपंच..."

कौस्तुभ जजच्या टेबलाशेजारून पळत येईपर्यंत तुळजाबाई दोऱ्यांमधून वाकून रिंगमध्ये चढल्यासुद्धा होत्या. तुळजाबाई कामाच्या बाई. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि समोर कोपऱ्यात स्टुलावर बसलेली रजनी त्यांच्या नजरेला पडली.

"आगं, पावन्या पोरीला रिकाम्या हातानं ठिवतात व्हय?" म्हणून त्यांनी तो नारळ रजनीच्या हातात दिला आणि त्या उतरल्या.

रजनीच्या हातात दोन जाडजूड ग्लोव्हज. तिने नारळ दोन्ही पंजांत कसाबसा दाबून धरला. तिचा कोच तिला पाणी पाजायला लागला तर नारळ निसटतो, नारळ सावरावा तर पाणी नाकात जातं. ती नारळाला बघत होती, कोच सृष्टीचे गुणदोष सांगत होता, आणि घंटा वाजली तेव्हा नारळ कुणी धरायचा यावर दोघांची झटापट चालली होती.

"काका, काय चाललंय हे?" कौस्तुभने दातओठ खात विचारलं.

"मिन्टाच्या आत उरकलं का न्हाई? घड्याळ बग."

उरकलं होतं हे खरं. तिथेच घोळ झाला, कारण विलासचा आत्मविश्वास वाढला.

दुसऱ्या राऊंडमध्ये सृष्टीने हात वर घेतले आणि थोडा मार वाचवला. पण विलासने ते पाहिलंच नाही. भैरूशेट मांडेकर त्याच्या कानाशी येऊन उभे राहिले होते.

"विलासराव, नांद्याच्या सरपंचाला पयला मान, आन चांद्याला न्हाई?"

"आवो शेट, आता तुमचाच हाय पुढचा."

"न्हाई, राग न्हाई आपल्याला. फकस्त जनरेटर जरा गरम झाल्यागत वाटतोय. बंद करावा का काय, बगतोय."

अंधारात लढत व्हायची नाही, लढत नाही तर किल्ली नाही. तो म्हणाला, "शेट, तुमाला नुसता नारळ न्हाई. तुमाला फेटा."

फेटा बांधायला मिनिट पुरत नाही, हे त्याला माहीत होतं. पण भिडेपुढे माणसाचं काही चालत नाही. दुसरी घंटा वाजताच भैरूशेट रिंगच्या कडेला चढले. फेटा बांधणाऱ्याने भगव्या कापडाचे पहिले वेढे त्यांच्या डोक्याला दिले. फेटा ताणल्याशिवाय नीट बसत नाही, म्हणून कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ओढून धरावं लागतं. ते टोक विलासने स्वतः धरलं होतं, दुसऱ्या बाजूने.

फेटा निम्म्यात असतानाच राऊंडची घंटा झाली.

"खाली उतरा! सगळे खाली!" रेफरी ओरडला.

भैरूशेट खाली उतरले, पण अर्धा फेटा बांधून घरी जायची त्यांची तयारी नव्हती. ते रिंगखाली उभे राहिले. "बांद रं तू," त्यांनी फेटेवाल्याला सांगितलं. विलासही आपल्या बाजूने खाली उतरला होता, टोक हातातच. मधलं कापड रिंगच्या कोपऱ्यावरून, खालच्या दोरीच्या आतून पसरलेलं होतं हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. रेफरीचं लक्ष दोघी मुलींकडे.

"ताना जरा!" फेटेवाला म्हणाला.

विलासने ताणलं. त्याच क्षणी रजनी सृष्टीची बुक्की चुकवून एक पाऊल मागे सरली. कापड तिच्या टाचेमागे आलं आणि ती सपशेल उताणी पडली. दोन्ही खांदे टेकले.

नांदे, चांदे आणि वाडीवस्तीवरच्या पब्लिकने आयुष्यभर आखाड्यात जे पाहिलं होतं, तेच त्याला इथे दिसलं. पाठ लागली. कुस्ती झाली.

"चितपट!" कुणीतरी बोंब ठोकली. माऊलीने हलगीवर काठी टाकली. टोप्या उडाल्या. दहा-बारा गडी दोऱ्या ओलांडून रिंगमध्ये घुसले, त्यांनी सृष्टीला उचलून खांद्यावर घेतलं आणि नाचायला सुरुवात केली. मागच्या रांगांतले भाडेकरू उभे राहून मोबाइलवर चित्रण करत होते. कौस्तुभ रिंगभोवती धावत "राऊंड तिसरा आहे! अजून तीन आहेत!" असं ओरडत होता, पण हलगीपुढे त्याचं कोण ऐकतो? विलासच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पोरगी जिंकली, किल्ली मिळाली, असं त्याला वाटत होतं. टोक अजून त्याच्या हातातच होतं.

"उतरवा मला!" खांद्यावरून सृष्टी ओरडत होती. "उतरवा म्हणतेय ना! अहो, ती घसरलीये! मी नाही पाडली!"

कुणी ऐकेना, तेव्हा तिने एकाची टोपी धरली, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवला आणि उडी मारली. रजनीला हात देऊन उठवलं. तिच्या टाचेला गुंडाळलेलं कापड सोडवलं आणि ते कुठवर जातं हे बघायला हाताने ओढत ओढत गेली. कापडाच्या शेवटी तिचा बाप होता.

"पप्पा," ती एवढंच म्हणाली.

रिंग रिकामी करायला बराच वेळ गेला. रेफरीचा चेहरा लालबुंद झाला होता. "ही सगळी तुझी माणसं?" त्याने सृष्टीला विचारलं.

"हो सर. माझीच."

"नियमाने मी तुला आत्ता बाद करू शकतो."

"सर," कोपऱ्यातून रजनीच म्हणाली, "मला लागलेलं नाही. लढू द्या तिला."

रेफरीने थोडा विचार केला आणि सृष्टीचा एक गुण कापला. कौस्तुभने विलासच्या हातातून माइक काढून घेतला. मग तो नारळांच्या पोत्यापाशी गेला आणि लढत संपेपर्यंत उठायचं नाही अशा तयारीने त्याच्यावर बसला. नारळावर बसणं काही सुखाचं नसतं, पण त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. भैरूशेटनी अर्ध्या फेट्यातच फोटो काढून घेतला आणि जनरेटर चालू ठेवला.

तिसऱ्या ब्रेकला विलासने बापाकडे पाहिलं. गेणबा मान वळवून एकदा पोत्याकडे, एकदा जरीच्या फेट्याच्या पिशवीकडे बघत होते. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि समोर नजर लावली. म्हातारा नाराज झाला, संपलं सगळं, असं तो मनाशी म्हणाला.

आता हातात माइक नाही, नारळ नाही, करायला काहीच नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच विलास मुलीची लढत बघायला लागला.

आणि त्याला दिसलं की पोरगी लढत होती. रजनीइतकं सफाईदार तिला येत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. रजनी दोन मारून निघून जायची आणि सृष्टीची बुक्की रजनी क्षणापूर्वी जिथे होती तिथे पोचायची. पण चौथ्या राऊंडपासून सृष्टीने तिची वाट अडवायला सुरुवात केली. मार खात पुढे जायची, कोपऱ्यात गाठायची, बरगड्यांवर मारायची. पाचव्यात तिचा उजवा हात रजनीच्या हनुवटीवर असा बसला की मागच्या भाडेकरूंच्याही तोंडून "आईगं" निघालं. विलास दोऱ्यांना धरून उभा होता आणि त्याचं तोंड आपोआप उघडत-मिटत होतं.

"शाब्बास! शाब्बास माझी वाघीन!" तो ओरडला. मग घाबरून त्याने बापाकडे पाहिलं. गेणबा हलले नव्हते. त्यांची नजर नातीच्या तोंडाकडेही नव्हती, कुठेतरी खाली, जमिनीकडे. म्हातारा बघतसुद्धा नाही, असं विलासला वाटलं.

सहावा राऊंड संपला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तीन जजनी आपापले आकडे दिले. एकाने बरोबरी दिली होती, दोघांनी रजनीला एका गुणाने पुढे ठेवलं होतं. रेफरीने रजनीचा हात वर केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत सृष्टी पहिली होती.

"तो गुण कापला नसता तर मॅच बरोबरीत होती," कौस्तुभ पोत्यावरून उठत, पाठ चोळत म्हणाला. "काका, पहिलीच वेळ आहे तिची बॉक्सिंगची. फार भारी खेळली ती."

विलासला पुढचं वाक्य ऐकूच गेलं नाही. तो गुण त्याचा होता. पोरीने सहा राऊंड मार खाल्ला आणि बापाने फेट्याच्या टोकाने तिला हरवलं. त्याने वळून पाहिलं तर पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती.

"आबा कुटं गेले?"

"तालमीकडं गेलं," शारदा म्हणाली. "काय बोललं न्हाईत."

विलास निघाला. खांद्यावर भैरूशेटनी टाकून दिलेलं भगवं कापड तसंच होतं. मागून सृष्टी आली. ओठ सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं, आणि हातात एक नारळ.

"रजनीने दिला," ती म्हणाली. "म्हणाली, ठेव तुला, मला तो धरताच येईना. आणि पप्पा, तिला कुस्ती शिकायचीये. पायाला मिठी मारली तेव्हा हलता आलं नाही म्हणत होती."

"कुटं शिकवनार तिला?" विलास म्हणाला. "माज्यामुळं गेलं पोरी सगळं."

सृष्टीने त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि ते त्याला जास्तच लागलं.

तालमीचं दार उघडं होतं. आत दिवा लावून गेणबा मातीच्या कडेला बसले होते. ढेकळं हाताने फोडत होते. विलास आत गेला, सृष्टी उंबऱ्याबाहेर थांबली.

"हरले आबा मी," ती म्हणाली.

"बगितलं. डोळं हायेत मला."

"आबा, एका गुनानं वो," विलास घाईघाईने पुढे झाला. "आन त्यो गुन तिचा न्हवताच, त्यो माजा..."

"तू गप. तुजा नंबर मागनं." गेणबांनी नातीकडे पाहिलं. "पोरी, पाय किती येळा उचालला गं तुजा?"

सृष्टी चपापली. "तुम्हाला दिसलं ते?"

"उजवा पाय. ती पावनी डावीकडं झुकली का तुजी टाच सुटायची. आन परत खाली."

"सवय आहे आबा. आमच्यात लाथ चालते ना. तेवढ्या जागेवरून मारली असती तर ती उठली नसती. पण इथं चालत नाही."

"आन म्या वराडत व्हतो पट काढ, पट काढ."

"हो ना! तुमचा आवाज आला आणि मी खालीच गेले. पहिल्यांदा चुकले. नंतर तुम्हाला ऐकलंच नाही."

गेणबा हसले. हाताची माती झटकून ते उठले. "बुक्क्या तू कशा मारल्या ते मला कळत न्हाई. ते त्या टेबलावरच्या मानसांनी बगितलं आसंल. म्या तुजं पाय बगत व्हतो. समोरची मारतीया, वस्ताद वराडतोय, पाय शिवशिवतोय, आन पोरगी पाय खाली घेतीया. डाव लई जनांना येत्यात. येत असून टाकायचा न्हाई हे ज्याला जमतं, त्याच्या हाताखाली दुसऱ्यांची लेकरं द्यावीत." त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "आन अजून एक. खांद्यावर चढलेलं पैलवान म्या रग्गड बगितलं. आपून व्हऊन उतरलेलं कुनी न्हाई बगितलं."

सृष्टीने बूट काढले, पण पाऊल आत टाकलं नाही.

"आत ये. उंबऱ्यात किती येळ उबी ऱ्हानार?"

"पण आबा, तालमीत बाई..."

गेणबांनी कोनाड्यातल्या मारुतीकडे हात केला. "आत्ता इचारलं त्याला. काय बोलला न्हाई." किल्ली त्यांनी तिच्या हातात ठेवली. "आन कैलासला सकाळी तूच सांग, फरशी दुसरीकडं टाक म्हनावं."

सृष्टी आत आली. तिने वाकून माती कपाळाला लावली आणि मग आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं. विलास भिंतीला टेकून उभा होता. बाप्याने रडू नये वगैरे गोष्टी त्याला त्या वेळी आठवल्या नाहीत.

"आता तू," गेणबा त्याच्याकडे वळले. "पोरीला पाय आवारला. तुला नारळ आवारला न्हाई."

"चुकलं आबा."

"टँकरवालीला दिला. जनरेटरवाल्याला फेटा. समोरून लढाया आलेलीला नारळ. आन बापाला?" म्हाताऱ्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "सकाळधरनं गावभर सांगत हिंडलास वस्तादाचा सत्कार हाय म्हनून. म्या धोतर परीटघडीचं घातलं."

विलास बघतच राहिला. "म्हंजी तिसऱ्या राऊंडानंतर तुमचं त्वांड उतरलं, ते..."

"मंग दुसरं कशानं उतरनार?"

सृष्टी खळखळून हसली आणि सुजलेला ओठ धरून "आई गं" म्हणाली. मग तिने हातातला नारळ बापापुढे केला. "करा पप्पा. पण एका मिनिटात. मी घड्याळ लावते."

जरीचा फेटा लॉन्सवर राहिला होता. विलासने खांद्यावरचं भगवं कापड काढलं. चुरगळलेलं, मळलेलं, एका बाजूला रजनीच्या बुटाचा ठसा. ते त्याने झटकून बापाच्या अंगावर शालीसारखं घातलं. नारळ हातात दिला. वाकून पाया पडला आणि सरळ उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं. पण जत्रेत माइक खाली न ठेवणारा विलास हात जोडून नुसता उभा राहिला.

"झालं," सृष्टी हळूच म्हणाली. "मिनिटाच्या आत."

गेणबा नारळ छातीशी धरून, मान ताठ करून वाट बघत होते. त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा नातीकडे.

"आं? झालं?" ते म्हणाले. "आन भाषन?"